मैदानावरचं पाणी: खेळाडू, पालक आणि प्रशिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

मार्च उजाडला की हे प्रश्न सुरू होतात. भरतीची तयारी करणारी मुलं विचारतात, उन्हाळी शिबिरात पोरांना घालणारे आईबाप विचारतात, पन्नाशीत पहिल्यांदा २१ किलोमीटर पळायला निघालेले काका विचारतात. इथली उत्तरं धडधाकट माणसासाठी आहेत. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणि मीठ दोन्हीचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

रोज नेमकं किती लिटर पाणी प्यायचं? एकच आकडा सांगा.

एकच आकडा नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर फार विसंबू नका. एकाच संघातल्या दोन मुलींपैकी एकीला तासाला अर्धा लिटर घाम येतो, दुसरीला दीड-दोन लिटर. दोघींना "तीन लिटर प्या" म्हटलं तर एकीला ते कमी पडणार, दुसरीला जास्त होणार.

आकडा ज्याचा त्यानं काढायचा आणि त्याला लागतो फक्त वजनकाटा. सरावाआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. सराव संपल्यावर अंग पुसून, घामाने भिजलेला टी-शर्ट काढून पुन्हा करा. समजा, आधी ६२.४ किलो होतं, दीड तासाने ६१.३ भरलं आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायलात. घट १.१ किलो, त्यात प्यायलेलं ०.५ मिळवा. म्हणजे दीड तासात १.६ लिटर घाम, तासाला एक लिटरच्या थोडा वर. हा झाला तुमचा आकडा, पण त्या दिवशीच्या हवेतला आणि त्या दिवशीच्या सरावाचा. जानेवारीत एकदा, एप्रिलमध्ये एकदा आणि पावसाळ्यातल्या दमट संध्याकाळी एकदा काढून ठेवा.

आता गेलेला सगळा घाम खेळतानाच भरून काढायची गरज नसते. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६२ किलोच्या माणसाला सव्वा किलोच्या आसपास, घट शरीर बहुतेक वेळा निभावून नेतं. त्यापुढे उन्हात दम लवकर जातो, नाडी वाढते, अंगातली उष्णता चढत जाते. सराव संपल्यावर पुढच्या काही तासांत दर एक किलो घटीमागे सव्वा ते दीड लिटर या हिशेबाने, जेवणासोबत, सावकाश प्या. आणि सरावानंतर काट्यावर वजन वाढलेलं दिसलं तर समजा, तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

तहान लागायच्या आधीच प्यायला हवं, असं म्हणतात. खरं का?

तासाभराच्या आतल्या साध्या सरावाला तहान पुरेशी चांगली वाट दाखवते. दीड-दोन तासांचा उन्हातला सराव असेल, घाम भरपूर येणारा असाल, किंवा सामन्यात इतके गुंतता की तहानेकडे लक्षच जात नाही, तर वर काढलेल्या आकड्यावरून आधीच ठरवून ठेवा. "तहान लागली म्हणजे उशीर झाला" हे वाक्य ऐकून लोक घटाघटा प्यायला लागतात, म्हणून ते मला आवडत नाही.

लघवीच्या रंगावरून कळतं ना?

ढोबळमानाने कळतं. सकाळची पहिली लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद पिवळी आणि थोडीच झाली तर रात्रीपासून पाणी कमी पडलंय. दिवसभर पाण्यासारखी पांढरी होत असेल तर उगाच पीत बसलाय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंग भडक पिवळा येतो, त्याचा पाण्याशी संबंध नाही.

मात्र एक रंग लक्षात ठेवाच. खूप दिवसांनी एकदम जोर-बैठका मारल्या, लांब पळालात, आणि दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली, अंग प्रचंड दुखतंय, तर घरी पाणी पीत बसू नका. स्नायू फुटून त्यातले घटक किडनीत अडकायला लागल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

घाम मुंबईत जास्त की नागपुरात? आम्हाला तर मुंबईतच जास्त वाटतो.

दिसतो मुंबईत. घाम उडाला तरच अंग थंड होतं. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत हवेतच ओल इतकी की घाम उडत नाही, नुसता हनुवटीवरून टपकतो. टपकलेला घाम पाणी आणि मीठ दोन्ही घेऊन जातो, थंडावा काहीच देत नाही. म्हणून ३२ अंशांची मुंबई कधीकधी ४० अंशांच्या कोरड्या विदर्भापेक्षा खेळाडूला जास्त छळते.

नागपूर-चंद्रपूरकडे उलटा फसवा प्रकार. घाम आला न आला तोच सुकतो, बनियन कोरडी राहते, म्हणून मुलं सांगतात की घामच आला नाही. कपाळावर आणि टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ दिसते, तेवढाच पुरावा. तिथे वजनकाट्याला पर्याय नाही.

समुद्रकाठच्या उकाड्याचं जुनं उदाहरण क्रिकेटवाल्यांना ठाऊक असेल. सप्टेंबर १९८६, चेन्नईचं चेपॉक मैदान, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी, जी पुढे बरोबरीत सुटली. ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सने २१० धावा केल्या. मधे मैदानावरच उलट्या होत होत्या, पायात गोळे येत होते, आणि शेवटी त्याला रुग्णालयात सलाइन लावावं लागलं. त्या खेळीचं कौतुक आजही होतं, पण आजच्या कुठल्याही फिजिओने त्याला इतका वेळ आत ठेवलं नसतं, ठेवूही नये.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीआधी किती पाणी प्यावं? पोट जड होईल म्हणून आम्ही पीतच नाही.

१६०० मीटर पाच-सहा मिनिटांत संपतात, मुलींचे ८०० मीटर त्याहून लवकर. तेवढ्या धावण्यात पाणी लागत नाही. घात होतो तो आधीच्या बारा तासांत. रात्रभर एसटीचा प्रवास, स्टँडवर किंवा मैदानाबाहेर फूटपाथवर काढलेली रात्र, धड जेवण नाही, पहाटे तीन-चारला रांगेत उभं, मग कागदपत्रं, उंची, छाती, आणि नंबर येतो तेव्हा ऊन डोक्यावर. वर लघवीला जायची सोय नाही म्हणून मुली आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करतात. अशा शरीराला एकदम पूर्ण ताकदीने पळवायचं म्हणजे धोकाच.

आदल्या रात्री नेहमीचं जेवण आणि सोबत नेहमीसारखं पाणी घ्या. नंबर लागायच्या दोन-तीन तास आधी दोन पेले पाणी किंवा मीठ-साखरेचं लिंबू सरबत, एखादं केळं. त्यानंतर रांगेत घोट-घोट. दोन तासांत पोट मोकळं होतं, जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं. लघवीची सोय कुठे आहे ते आत शिरतानाच विचारून ठेवा.

मित्र देतोय म्हणून "स्टॅमिन्याची" गोळी, इंजेक्शन किंवा कॅफिनचे दोन-दोन कॅन रिकाम्या पोटी घेऊ नका. उष्माघातात कोसळलेल्या मुलाने काय घेतलं होतं हे डॉक्टरांना कळत नाही आणि सोबतचे मित्र घाबरून सांगत नाहीत. अशा वेळी सोबत असाल तर घाबरू नका, सांगून टाका.

आमच्या मुलाचे सर सराव चालू असताना पाणी पिऊ देत नाहीत. "सवय होते" म्हणतात.

उन्हाची सवय होते. तहानेची होत नाही. पाण्यावाचून राहायचा सराव करून शरीर कमी पाण्यात चालायला शिकतं, याला काही आधार नाही. पाणी मागणाऱ्या पोराला कामचुकार ठरवणं आणि हरलेल्या संघाचं पाणी बंद करून फेऱ्या मारायला लावणं, हे दोन्ही आपल्याकडे अजून चालतं, आणि दोन्ही बंद झालं पाहिजे. याबाबतीत मी मवाळ नाही.

पण सरांशी बोलताना भांडायला जाऊ नका. बहुतेक सर त्यांच्या सरांनी शिकवलं तेच पुढे चालवत असतात. त्यांना २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचं सांगा. ब्राझीलमधल्या फोर्तालेझाला नेदरलँड्स आणि मेक्सिकोचा बाद फेरीचा सामना पंचांनी दोन्ही अर्धांत थांबवून खेळाडूंना पाणी प्यायला लावलं होतं. तिथे थांबल्याने कोणाची शिस्त बिघडली नाही. शाळेच्या मुलांना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन मिनिटांची सुट्टी पुरते. लहान मुलं खेळात रंगली की आपणहून थांबत नाहीत, म्हणून शिट्टी सरांनीच वाजवायची.

एक खरं की घटाघटा लिटरभर पिऊन लगेच पळालं तर बरगडीखाली चमक भरते. त्यावर उपाय घोट-घोट पिणं.

जास्त पाणी प्यायल्याने काही होत नाही ना?

होतं. जीवही जातो. साधं पाणी घामापेक्षा जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम (मिठातला घटक) पातळ होतं, पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुण धावपटूचा असा मृत्यू झाला. त्याच शर्यतीत अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. धोका कोणाला? सर्वांत वेगवान पळणाऱ्यांना नव्हे, तर चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांना.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉनला पहिल्यांदा उतरणारा हौशी धावपटू नेमका याच गटात बसतो. वेग कमी, घाम त्यामानाने कमी, आणि प्रत्येक टेबलावर कोणीतरी प्रेमाने बाटली पुढे करतंय. पेडर रोडच्या चढापर्यंत पोट डुचमळायला लागतं आणि सोबतचा म्हणतो, "डिहायड्रेशन झालंय, अजून पी."

अंगठी बोटात रुतायला लागली, घड्याळाचा पट्टा आवळला, चेहरा सुजला, मळमळ, डोकं ठणकणं, असंबद्ध बोलणं, अशी लक्षणं दिसली तर पाणी ताबडतोब थांबवा आणि वैद्यकीय तंबूत न्या. तिथेही सोडियम मोजल्याशिवाय साध्या सलाइनच्या बाटल्या चढवायची घाई नको. गंभीर सोडियमघटीला जास्त तीव्रतेचं सलाइन लागतं आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

ओआरएस घ्यावं की स्पोर्ट्स ड्रिंक?

तासाभराच्या सरावाला दोन्ही नको. साधं पाणी आणि नंतर जेवण. आपल्या भाजी-आमटी-लोणच्यात मीठ कमी नसतं.

त्याहून लांब सराव, दिवसात दोन सत्रं किंवा कपड्यांवर पांढरे डाग उमटवणारा खारट घाम असेल तर मिठाचा विचार करा. घामातलं मीठ माणसागणिक खूप बदलतं, पण लिटरमागे सरासरी ग्रॅमभर सोडियम, म्हणजे साधारण अर्धा चमचा मीठ जातं. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर जास्त आणि सोडियम बेताचं असतं. ते पळताना इंधन म्हणून ठीक. ओआरएसमध्ये सोडियम कितीतरी जास्त आणि साखर मोजून घातलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असले की आतडं पाणी झपाट्याने ओढून घेतं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच तत्त्व वापरून मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं.

पाकीट जितक्या पाण्यासाठी आहे तितक्याच पाण्यात घाला. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून "जास्त ताकद" येत नाही, जुलाब होतात. आणि मेडिकलमध्ये मिळणारी गोड खोकी नीट वाचा. नावात "ओआरएस" पण आत भरपूर साखर आणि नाममात्र मीठ अशी पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हे नाव वापरायला मनाई करणारा आदेश काढला.

घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

ताक, पन्हं, कोकम, नारळपाणी चालेल का?

चालेल, आणि मला विचाराल तर सरावानंतर मीठ-जिरे घातलेल्या पातळ ताकाला तोड नाही. पन्ह्यात आणि कोकम सरबतात मीठ घालायला विसरू नका, साखर जरा आवरती ठेवा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे फार घाम गेल्यावर एकट्या शहाळ्याने भागत नाही. सोबत खारे शेंगदाणे खा. उसाचा रस सराव संपल्यावर चवीपुरता. गाडीवरच्या बर्फाचं मात्र जपून. तो कुठल्या पाण्याचा आहे हे विक्रेत्यालाही माहीत नसतं आणि स्पर्धेच्या आधी पोट बिघडलं तर सगळं मुसळ केरात.

चहा-कॉफीने पाणी "उडून जातं" हे अतिशयोक्त आहे. सवय असेल तर एक-दोन कप खुशाल घ्या. दारूचं तसं नाही.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हे खरं?

नाही. पण भाकरीसोबत खाल्लात तर उत्तम.

पायात गोळे आले की मीठ चाटायचं का?

बहुतेक गोळे थकलेल्या स्नायूला येतात, मिठाअभावी नव्हे. स्नायू हळू ताणा, थांबा. कबड्डीत चौथ्या सामन्याला पोटरी धरून बसणाऱ्या मुलाला आधी विचारा की गेल्या आठवड्यात सराव किती केला. पण ज्याच्या बनियनवर मिठाचे नकाशे उमटतात आणि एकामागून एक वेगवेगळे स्नायू आखडतात, त्याला खारट पेयाचा फायदा होतो.

इथे एक वेगळी गोष्ट. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या मुलांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहक असण्याचं प्रमाण बरंच आहे. वाहकाला रोजच्या आयुष्यात त्रास नसतो, तो उत्तम खेळाडूही असू शकतो. मात्र उन्हात, पाणी कमी असताना, सलग दमवणाऱ्या धावा काढल्या की तो कोसळू शकतो. गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो, किंकाळी निघते. यात तसं नसतं: पाय नुसते गळून जातात, स्नायू मऊच लागतो, मूल शुद्धीवर असतं आणि "पायात जीव नाही" म्हणतं. नाटक करतोय म्हणून उठवून पळवलं तर जीव जाऊ शकतो. या भागातल्या अकादम्यांनी प्रवेशावेळीच तपासणी करून घ्यावी. वाहक निघाला म्हणून मुलाला काढून टाकायचं नसतं, त्याला मधे जास्त विश्रांती आणि पाणी द्यायचं असतं.

पैलवानाने वजन उतरवायला पाणी तोडावं का?

वस्तादांना हे पटत नाही, पण नको. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटचं वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम लढतीआधी ती बाद झाली, हे सगळ्या देशाने पाहिलं. आदल्या रात्रभर तिने न खाता-पिता घाम गाळला होता आणि नंतर तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. दोनच दिवसांनी अमन सेहरावतने दहा तासांत ४.६ किलो उतरवून ५७ किलो गटात कांस्य घेतलं. आपल्या तालमींत अमनचाच किस्सा जास्त सांगितला जातो. त्याच्यामागे डॉक्टर आणि फिजिओंचं पथक रात्रभर जागत होतं, हा भाग सांगितला जात नाही.

१९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना गेले. गरम खोली, रबराचा सूट, पाणी बंद आणि त्यातच सायकल. त्यानंतर तिथे या सगळ्यांवर बंदी आली आणि वजन लढतीच्या जवळच्या वेळी घेणं सुरू झालं. आपल्याकडे गावोगावच्या अकादम्यांत चौदा-पंधरा वर्षांची मुलं स्वेटर-जर्किन चढवून दुपारी पळताना दिसतात. लघवीच्या गोळ्याही चालतात. त्या उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत, म्हणजे तब्येत आणि कारकीर्द दोन्ही पणाला.

गट ठरवायचा तो हंगामाच्या सुरुवातीला, पोट भरलेलं आणि पाणी प्यायलेलं असताना. उतरवायचंच असेल तर आठवड्याला अर्धा-पाऊण किलो, जेवणातून. वाढत्या वयाच्या मुलाचं तर नकोच, त्याला वरच्या गटात खेळवा.

शर्यतीआधी दुखण्याची गोळी घेतली तर?

ब्रुफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या घामाने आटलेल्या शरीरात किडनीवर ताण आणतात आणि पाणी साठवून सोडियमही उतरवू शकतात. गोळी घेतल्याशिवाय पळता येत नसेल तर त्या दिवशी पळू नका.

उपवास किंवा रोजा असेल तर सराव बंद करायचा का?

निर्जळी एकादशी किंवा रोजा असेल तर जोरकस सराव उपवास सोडल्यानंतर ठेवा, नाहीतर सोडण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात नुसता हलका सराव करा. दुपारची सत्रं प्रशिक्षकांनी स्वतःहून माफ करावीत, मुलाने मागायची वाट पाहू नये.

उन्हाची सवय व्हायला किती दिवस?

एक ते दोन आठवडे. पहिले चार-पाच दिवस निम्मा सराव, मग हळूहळू वाढवा. या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि कमी खारट होतो. म्हणजे सवय झालेल्याला पाणी कमी नाही, उलट जास्त लागतं. महाबळेश्वरला सराव करून थेट मे महिन्यात जळगावला स्पर्धेला उतरू नका.

कोणी कोसळला तर आधी पाणी पाजायचं ना?

इथेच सर्वांत जास्त चूक होते. माणूस शुद्धीत आहे, नीट बोलतोय, नुसती भोवळ आली आहे, तर सावलीत आडवं करा, पाय वर, घोट-घोट पाणी. पण त्याला विचारा: आज वार कोणता, स्कोअर किती, समोर कोणता संघ आहे? उत्तर भलतंच आलं, तो चिडला, शिव्या देतोय, लटपटतोय किंवा बेशुद्ध आहे, तर तो उष्माघात धरूनच चाला. अंगातलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. "उष्माघातात घाम थांबतो" हे खेळाडूंना लागू होत नाही. ते घामाने निथळत असतानाही कोसळतात. आणि भरपूर पाणी प्यायलेल्यालाही उष्माघात होतो.

अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. पाणी अंगावर पाहिजे. १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता तिथेच थंड करायला घ्या: आधी थंड करणं, मग हलवणं. मोठा टब असेल तर मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात, डोकं धरून. टब नसेल तर ताडपत्री. चार-पाच जणांनी कडा धरून झोळी करायची, आत खेळाडू, त्यात बादल्यांनी पाणी आणि असेल तेवढा बर्फ, आणि पाणी सतत हलवत राहायचं. तेही नसेल तर टँकरची नळी, नाहीतर ओल्या चादरी आणि दर मिनिटाला नवं पाणी. अमेरिकेत फाल्मथच्या रस्ता शर्यतीत वर्षानुवर्षं अशा रुग्णांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात ठेवतात. नोंदवलेल्या २७४ रुग्णांपैकी एकही दगावला नाही. क्रोसिनने हा ताप उतरत नाही, देऊ नका.

आम्ही गावात स्पर्धा भरवतो. किमान तयारी काय?

सामने सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर. शर्यत असेल तर दर दोन-अडीच किलोमीटरला पाणी आणि शेवटच्या टेबलांवर मिठाचं काहीतरी. माठाला तोटी लावा. एकाच पेल्याने पन्नास पोरं पाणी पिऊ लागली की कावीळ आणि जुलाब सोबत घरी जातात. ज्याची त्याची बाटली, नाव लिहिलेली. पाहुण्यांच्या मंडपात कूलर लावताय तसा खेळाडूंच्या बाजूलाही सावलीचा मंडप टाका. दोन लाद्या बर्फ, एक ताडपत्री, सहा बादल्या हा सगळा खर्च एका ट्रॉफीपेक्षा कमी येतो. आणि उद्घाटनाची भाषणं चालू असताना मुलांना उन्हात रांगेत उभं करू नका.